रुग्णालय माहिती प्रणाली व बाह्य सल्लागार

रुग्णाची नोंदणी, तपासणी, प्रयोगशाळेतील चाचण्या, औषधयोजना, खाटांचे वाटप, औषधसाठा, देयके तसेच जन्म व मृत्यू यांसंबंधीची माहिती एकत्रित करून ती योग्य वेळी योग्य विभागास उपलब्ध करून देणारी संघटित व्यवस्था म्हणजे रुग्णालय माहिती प्रणाली होय. ही व्यवस्था मुळात कागदी होती. केसपेपर, आंतररुग्णांची नोंदवही, परिचारिकेचा तापमानाचा तक्ता व रुग्णास घरी सोडताना दिले जाणारे कार्ड ही तिची प्रमुख अंगे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचे संगणकीकरण सुरू झाले. बहुतेक रुग्णालयांजवळ या कामातील जाणकार कर्मचारी नसल्याने बाहेरील सल्लागार व्यक्ती वा संस्था नेमण्याची पद्धत रूढ झाली. रुग्णालयाचे दैनंदिन काम ज्यांना ठाऊक असते त्यांना संगणकाचे शास्त्र अवगत नसते आणि ज्यांना ते शास्त्र अवगत असते त्यांनी रुग्णकक्षातील रात्रपाळी पाहिलेली नसते. हे अंतर भरून काढणे हा सल्लागाराच्या नेमणुकीचा हेतू होय. तो कितपत साध्य झाला, हे देशोदेशींच्या अनुभवांवरून पाहता येते.

पूर्वपीठिका : रुग्णालयीन नोंदी एकसारख्या असाव्यात, ही मागणी संगणकाहून शंभर वर्षे जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे रुग्णालयीन आकडेवारीसाठी समान नमुन्यांची योजना मांडली. रुग्णालयांविषयीच्या त्यांच्या ग्रंथाच्या १८६३ च्या आवृत्तीत तिचा विस्तार आढळतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर यांनी १९०७ मध्ये प्रत्येक रुग्णास एक क्रमांक व एकच धारिका देण्याची पद्धत सुरू केली. त्यापूर्वी प्रत्येक डॉक्टरची नोंदवही वेगळी असे व एकाच रुग्णाची माहिती अनेक वह्यांत विखुरलेली राही. पुढे उद्योगधंद्यांतील श्रमांच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले फ्रँक गिल्ब्रेथ यांनी शस्त्रक्रियागृहातील हालचालींचे निरीक्षण केले. वैद्यकाबाहेरील तज्ञाने रुग्णालयातील कामाचा शास्त्रीय दृष्टीने अभ्यास केल्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय. महाराष्ट्रात मुंबईचे जे. जे. रुग्णालय (१८४५) व पुण्याचे ससून रुग्णालय (१८६७) यांसारख्या संस्थांत कागदी नोंदींची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे.

सल्लागाराचे कार्य : या क्षेत्रातील सल्लागारांचे कामावरून तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार खरेदीपूर्वी काम करणाऱ्यांचा. ते रुग्णालयातील चालू पद्धतींचा अभ्यास करतात, गरजांची यादी तयार करतात, निविदेचा मसुदा लिहितात व आलेल्या निविदांचे मूल्यमापन करण्यास मदत करतात. दुसऱ्या प्रकारातील संस्था यंत्रसामग्री, आज्ञावली व जोडजाळे एकत्र बसवून प्रणाली प्रत्यक्ष चालू करून देतात. तिसऱ्या प्रकारचे सल्लागार झालेल्या कामाची त्रयस्थपणे तपासणी करतात. हे तीन प्रकार परस्परांपासून अलग राहणे आवश्यक मानले जाते, कारण जो विकतो त्यानेच काय विकत घ्यावे हे सांगणे, किंवा जो बसवितो त्यानेच काम पुरे झाल्याचा दाखला देणे हितावह नसते.

यंत्रे बसविणे हा या कामातील तुलनेने सोपा भाग असतो. मूळ याद्या तयार करणे अधिक किचकट असते. एकच औषध भांडारात एका नावाने, वॉर्डात दुसऱ्या नावाने व डॉक्टरांच्या चिठ्ठीत तिसऱ्या नावाने ओळखले जाते. चाचण्यांची नावे, शुल्काचे दर, वॉर्डांचे व खाटांचे क्रमांक यांचीही तीच स्थिती असते. या सर्वांची एकच प्रमाणित यादी केल्याशिवाय संगणकावरील हिशेब जुळत नाही. रुग्णाची ओळख पटविणे हाही असाच अवघड भाग होय. महाराष्ट्रात पहिल्या बाळंतपणासाठी स्त्रीने माहेरी जाण्याची प्रथा आहे. त्यामुळे तिच्या गरोदरपणातील तपासणीचे कार्ड सासरच्या गावी व प्रसूतीची नोंद माहेरच्या गावी राहते आणि पुष्कळदा एका ठिकाणी माहेरचे, तर दुसऱ्या ठिकाणी सासरचे आडनाव लिहिले जाते. वय अंदाजाने सांगितले जाते. नावे रोमन लिपीत लिहिताना एकाच मराठी आडनावाची दोन-तीन वर्णलेखने होतात. परक्या ठिकाणी तयार झालेल्या आज्ञावलीत अशा गोष्टींची तरतूद असतेच असे नाही. ती करून घेण्यासाठी नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या लिपिकाचे व वॉर्डातील परिचारिकेचे म्हणणे सल्लागारास ऐकून घ्यावे लागते.

यानंतर कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, काही काळ कागदी व संगणकीय अशा दोन्ही नोंदी समांतर ठेवणे, पुढे कागद कमी करणे आणि शेवटी प्रणाली रुग्णालयाच्या स्वाधीन करणे हे टप्पे येतात. समांतर नोंदींच्या काळात काम दुप्पट होते व बाह्यरुग्ण विभागातील रांग वाढते. प्रणालीविषयीची नाराजी बहुधा याच टप्प्यात प्रकट होते. शेवटचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा असला, तरी करारांत त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले गेल्याचे अनेक ठिकाणी दिसून येते.

अमेरिका : बाह्य संस्थेच्या साहाय्याने रुग्णालयाचे संगणकीकरण करण्याचा एक महत्त्वाचा आरंभीचा प्रयत्न बॉस्टन येथील मॅसॅचूसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये झाला. बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या तंत्रज्ञान-सल्लागार कंपनीने रुग्णालयाच्या सहकार्याने व शासकीय आरोग्यसंशोधन संस्थेच्या अर्थसाहाय्याने १९६२ च्या सुमारास हा प्रकल्प हाती घेतला. एकाच संगणकाचा अनेकांनी एकाच वेळी वापर करण्याचे तंत्र त्या वेळी अगदी नवे होते. वॉर्डांत दूरटंकयंत्रे बसवून ती संगणकास जोडण्यात आली. प्रात्यक्षिके यशस्वी झाली. तथापि अहोरात्र चालणाऱ्या वॉर्डाला लागणारी खात्रीलायकता त्या यंत्रणेत आली नाही. १९६४ पासून रुग्णालयाच्या बाजूने या कामाची धुरा वाहणारे डॉ. ऑक्टो बार्नेट यांनी पुढे रुग्णालयातच स्वतंत्र संगणकशास्त्र प्रयोगशाळा उभारली. तेथे १९६६-६७ मध्ये नील पापालार्डो व इतर सहकाऱ्यांनी ‘मम्प्स’ ही संगणकभाषा तयार केली. ती वैद्यकीय नोंदींसाठी पुढे अनेक दशके वापरात राहिली. बाहेरील तज्ञांनी मार्ग दाखविला. परंतु टिकाऊ काम रुग्णालयाच्या आवारात, डॉक्टरांच्या सहवासात घडले.

कॅलिफोर्नियातील एल कॅमिनो रुग्णालयाचा अनुभव याहून निराळा आहे. विमाननिर्मितीच्या क्षेत्रातील लॉकहीड कंपनीच्या अभियंत्यांनी तेथील कामकाजाचा अभ्यास करून प्रणालीची आखणी केली. १९७१ मध्ये हा व्यवसाय टेक्निकॉन कंपनीकडे गेला व प्रणाली त्याच दशकात कार्यान्वित झाली. डॉक्टरांनी औषधे व चाचण्या यांविषयीच्या सूचना स्वतः पडद्यावर नोंदवाव्यात, अशी तीत अपेक्षा होती. डॉक्टरांच्या एका गटाने तिला विरोध केला. प्रत्येक डॉक्टरला आपल्या नेहमीच्या सूचनांचा संच अगोदर तयार करून ठेवण्याची सोय झाल्यानंतर तिचा वापर वाढत गेला. डॉक्टरांचा विरोध हा केवळ पुराणमतवाद नसून त्यात कामाच्या वेळेचा खरा प्रश्न दडलेला असतो, हे या उदाहरणावरून ध्यानात आले.

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत याच्या उलट दिशेने काम झाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथील डॉक्टर व आज्ञावलीकार यांनी वरिष्ठांचा विरोध असतानाही आपापल्या रुग्णालयांत लहान लहान आज्ञावली तयार केल्या. १९८२ मध्ये त्यांना अधिकृत मान्यता मिळाली व त्यांतूनच ‘व्हिस्टा’ ही सुप्रसिद्ध प्रणाली विकसित झाली. तिच्या जागी २०१८ मध्ये एका खाजगी कंपनीची प्रणाली घेण्याचा करार झाला. पहिले रुग्णालय २०२० मध्ये तीवर आले; परंतु तक्रारींमुळे २०२३ मध्ये नव्या ठिकाणी ती बसविण्याचे काम थांबवावे लागले.

ब्रिटन : सल्लागारांच्या नेमणुकीतील धोक्यांचे ठळक उदाहरण म्हणून दक्षिण इंग्लंडमधील वेसेक्स प्रादेशिक आरोग्य प्राधिकरणाच्या योजनेचा निर्देश केला जातो. सर्व रुग्णालयांसाठी एकात्म माहिती-व्यवस्था उभारण्याची ही योजना १९८४ मध्ये आखण्यात आली आणि १९९० मध्ये ती सोडून देण्यात आली. संसदेच्या लोकलेखा समितीने १९९३ मध्ये तिची कठोर शब्दांत चिकित्सा केली. किमान दोन कोटी पौंड वाया गेल्याचा अंदाज पुढे आला. सल्ला देणारे व माल पुरविणारे यांचे हितसंबंध एकमेकांत मिसळणे आणि खर्चावर देखरेख करण्याइतके जाणकार प्राधिकरणाकडे नसणे हे या प्रकरणातील प्रमुख दोष होत.

त्यानंतर २००२ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने सर्व देशासाठी राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. देशाचे पाच विभाग पाडून मोठ्या कंपन्यांना दीर्घ मुदतीची कंत्राटे देण्यात आली. त्यांची मूळ किंमत सु. ६.२ अब्ज पौंड होती. त्यांपैकी एक प्रमुख कंपनी २००६ मध्ये स्वतःहून बाहेर पडली, दुसरीचे कंत्राट २००८ मध्ये संपुष्टात आले व २०११ मध्ये शासनाने कार्यक्रम मोडीत काढण्याचे घोषित केले. क्ष-किरण प्रतिमा साठविणे व पाठविणे यांसारखी त्यातील काही अंगे यशस्वी झाली. रुग्णाच्या सविस्तर नोंदींची योजना मात्र फसली. निर्णय मध्यवर्ती पातळीवर झाले व ज्यांना ती प्रणाली वापरावयाची होती त्या रुग्णालयांचा निवडीत फारसा वाटा नव्हता, हे तिच्या अपयशाचे एक मुख्य कारण मानले जाते.

भारत : भारतात १९९० च्या दशकात या कामाला गती आली. प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात ‘सी-डॅक’ या शासकीय संस्थेने लखनौ येथील संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेच्या सहकार्याने त्या दशकाच्या उत्तरार्धात संपूर्ण देशी रुग्णालय प्रणाली तयार केली. येथे सल्लागार बाहेरचा असला, तरी तो शासकीय होता आणि रुग्णालय हे केवळ ग्राहक नसून निर्मितीतील भागीदार होते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-हॉस्पिटल’ ही प्रणालीही पुढे अनेक शासकीय रुग्णालयांत पसरली. केंद्र शासनाने २०१३ मध्ये वैद्यकीय नोंदींच्या संगणकीय स्वरूपाविषयी मानके प्रसिद्ध केली व २०१६ मध्ये ती सुधारली. २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानात व्यक्तीस चौदा अंकी आरोग्य क्रमांक देण्याची योजना आहे. मानके निश्चित झाल्यामुळे एका कंपनीच्या प्रणालीतील माहिती दुसऱ्या प्रणालीत नेण्याचा मार्ग तत्त्वतः खुला झाला.

संगणकावर सर्वस्वी विसंबण्यातील धोका २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये स्पष्ट झाला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकयंत्रणेवर सायबर हल्ला होऊन तेथील नोंदणी, अहवाल व देयके यांचे काम बरेच दिवस हाताने करावे लागले. तेव्हापासून पर्यायी कागदी व्यवस्थेची पूर्वतयारी हा सल्लागाराच्या कामाचा आवश्यक भाग समजला जाऊ लागला.

महाराष्ट्र : महाराष्ट्र शासनाच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने २००९ च्या सुमारास आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांसाठी ‘एचएमआयएस’ या नावाने ओळखला जाणारा प्रकल्प सुरू केला. प्रणाली उभारून ती चालविण्याचे काम खाजगी क्षेत्राकडे सोपविण्यात आले होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासारख्या मोठ्या संस्थांत तिच्यामुळे नोंदणी व अहवाल संगणकावर आले आणि बारा-तेरा वर्षांत कर्मचाऱ्यांना तिची सवय झाली. २०२२ च्या मध्यास ही सेवा बंद झाली व या रुग्णालयांतील काम पुन्हा हस्तलिखित केसपेपरवर आले. त्यानंतर विभाग राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रणालीकडे वळला. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांसाठी पुढे सी-डॅकच्या ‘ई-सुश्रुत’ प्रणालीचा अवलंब करण्यात आला.

एक प्रणाली बंद पडून दुसरी रुळेपर्यंतच्या काळात भार कोणावर पडतो, हा या घटनेतील मूळ प्रश्न आहे. वर्षानुवर्षे उपचार घेणाऱ्या मधुमेही, क्षयरोगी वा कर्करोगी व्यक्तीचा पूर्वेतिहास पडद्यावर मिळेनासा झाला, की डॉक्टरांना तिच्या पिशवीतील जीर्ण कागदांवर विसंबावे लागते. ते जपून ठेवले नसतील, तर चाचण्या पुन्हा कराव्या लागतात व त्यांत पैसा आणि वेळ दोन्ही खर्च होतात. कराराचा शेवट ही प्रशासकीय बाब दिसत असली, तरी तिचे परिणाम अखेर रुग्णाच्या अंथरुणापर्यंत पोहोचतात.

राज्यात संगणकीकरणाला चालना देणारे दुसरे कारण म्हणजे शासनाची आरोग्य विमा योजना. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली व २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. तीत उपचारांची पूर्वमंजुरी व देयके संगणकावरून पाठवावी लागतात. त्यामुळे तालुक्याच्या गावातील खाजगी रुग्णालयांनाही नोंदी ठेवण्याची शिस्त स्वीकारावी लागली.

देवळाली प्रवरा परिसर : अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे नगरपरिषद असलेले गाव उसाच्या बागायती पट्ट्यात वसलेले आहे. अशा गावातील रुग्णाचा प्रवास अनेक संस्थांतून होतो. किरकोळ आजारासाठी गावातील दवाखाना, त्यानंतर राहुरीचे ग्रामीण रुग्णालय, गंभीर दुखण्यासाठी लोणी येथील प्रवरा रुग्णालय अथवा अहिल्यानगरचे जिल्हा रुग्णालय व त्यापुढे पुण्याचे ससून, असा त्याचा क्रम असू शकतो. यांतील काही संस्था सार्वजनिक आरोग्य विभागाच्या, काही वैद्यकीय शिक्षण विभागाच्या, तर काही विश्वस्त संस्थांच्या वा खाजगी आहेत. प्रत्येकीने वेगळ्या सल्लागाराच्या मदतीने वेगळी प्रणाली घेतल्यास प्रत्येकीचे काम आपापल्या आवारात सुधारेल. परंतु रुग्णाची माहिती त्याच्याबरोबर पुढे जाणार नाही. दरवर्षी गळीत हंगामात बीड जिल्ह्यातून तसेच पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांतून या पट्ट्यात येणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र होते. सहा महिने एका गावी व सहा महिने दुसऱ्या गावी राहणाऱ्या गरोदर स्त्रीची वा लसीकरणास पात्र बालकाची नोंद एका संस्थेच्या संगणकात बंदिस्त राहून उपयोगी पडत नाही.

बाहेरील तज्ञांचे साहाय्य घेऊन संस्था उभारण्याचा अनुभव या परिसरास नवा नाही. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्यात १९५०-५१ च्या हंगामापासून गाळप होऊ लागले. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हे त्याचे आरंभीच्या काळातील अध्यक्ष होते. तज्ञ बाहेरचा असला, तरी तो अहवाल देऊन निघून गेला नाही. त्याने जबाबदारीचे पद स्वीकारले आणि मालकी सभासद शेतकऱ्यांकडेच राहिली. याच सहकारी चळवळीच्या प्रेरणेने पुढे लोणी येथे प्रवरा मेडिकल ट्रस्टचे रुग्णालय व १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. साखर कारखाना व रुग्णालय यांची कामे भिन्न असली, तरी बाह्य ज्ञान आणि स्थानिक मालकी यांची सांगड कशी घालावी, याचा एक नमुना म्हणून या इतिहासाकडे पाहता येते.

कराराची तत्त्वे : वरील अनुभवांवरून सल्लागाराच्या नेमणुकीविषयी काही तत्त्वे सर्वसाधारणपणे मान्य झाली आहेत. रुग्णालयाने आपल्या सेवेतील डॉक्टर, परिचारिका, लिपिक व किमान एक संगणकतज्ञ यांचा गट सल्लागार नेमण्यापूर्वीच तयार करावा, म्हणजे सल्ल्याची पारख करणारे कोणी तरी आत असते. सल्ला देणारा व विक्री करणारा हे भिन्न असावेत. देयके प्रणाली बसविल्याच्या तारखेस सर्वस्वी न देता तिचा प्रत्यक्ष वापर होऊ लागल्यावर टप्प्याटप्प्याने द्यावीत. रुग्णांची सर्व माहिती रुग्णालयाच्या ताब्यात राहील, करार संपताच ती प्रमाणित स्वरूपात परत मिळेल व नवी व्यवस्था रुळेपर्यंत जुनी चालू राहील, अशी अट करारात आरंभीच असावी. माहितीच्या गुप्ततेची जबाबदारीही स्पष्ट असावी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाविषयीच्या २०२३ च्या केंद्रीय कायद्यामुळे या अटीस अधिक महत्त्व आले आहे. लहान रुग्णालयांना हा सर्व खर्च एकेकट्याने पेलत नाही. म्हणून अनेक रुग्णालयांनी एकत्र येऊन समाईक तज्ञ नेमणे, किंवा शासकीय संस्थांनी तयार केलेली प्रणाली घेऊन केवळ प्रशिक्षणापुरते बाहेरचे साहाय्य घेणे, हे मार्ग त्यांना अधिक सोयीचे ठरतात.

सल्लागाराच्या कामाचे मोजमाप पुष्कळदा बसविलेली यंत्रे व वाया गेलेला वा वाचलेला पैसा यांवरून केले जाते. तथापि रुग्णालयाच्या दृष्टीने खरी कसोटी तो गेल्यानंतरच्या काळात लागते. त्या काळात रात्रपाळीची परिचारिका कोणाच्याही मदतीवाचून रुग्णाची मागील नोंद काढू शकत असेल आणि तीच नोंद दुसऱ्या गावच्या डॉक्टरला वाचता येत असेल, तर ती नेमणूक यशस्वी झाली असे मानता येते.